बाथरूमच्या अडचणीच्या जागेत टाइल बसवताय? ॲडहेसिव्ह कसं लावायचं, वाचा सविस्तर

गावाकडं आता घर बांधलं की बाथरूमला टाइल आलीच. जुन्या मोरीच्या जागी चार बाय सहाचं बाथरूम होतंय. स्वच्छ भारत अभियानात १२ हजार रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानावर बांधलेल्या छोट्या शौचालयांनाही लोक आता पदरचे पैसे घालून टाइल लावून घेतायत. जागा मात्र लहान. मिस्त्री आत बसला की त्याचा कोपर भिंतीला लागतो. मोठी भिंत दोन दिवसांत सफाईदार उभी राहते. पण कमोडच्या मागं, दाराच्या चौकटीशेजारी, नळाच्या पाइपाभोवती, न्हाणी ट्रॅपच्या जाळीजवळ थापी फिरत नाही आणि तिथंच काम कच्चं राहतं.

वर्षा-दीड वर्षानं टाइल पोकळ वाजायला लागते, सांध्यातून पाणी आत शिरतं, पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. एखादा तुकडा सुटून पडला तर त्याची धार पायाला लागते. नीट पाहिलं तर यातल्या बऱ्याच तक्रारी मोठ्या भिंतीच्या मधोमध नसतात, कडेला आणि कोपऱ्यात असतात. म्हणून आज सगळ्या बाथरूमची नाही, फक्त या अडचणीच्या जागांची माहिती.

सिमेंट की ॲडहेसिव्ह?

दुकानात कुणी याला टाइलचा गम म्हणतं, मिस्त्री लोक नुसतं केमिकल म्हणतात. वस्तू तीच. सिमेंट, बारीक वाळू आणि चिकटपणा देणारी, पाणी धरून ठेवणारी पावडर कारखान्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळून २० किलोच्या पोत्यात भरलेली असते. साध्या सिमेंटच्या मालात टाइल बसवायची तर थर अर्धा-पाऊण इंच होतो. ॲडहेसिव्हचा थर ३ ते ६ मिलिमीटरच असतो. लहान बाथरूममध्ये हा फरक मोठा आहे, कारण दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच वाचला की आत एक इंच जागा वाढते आणि दारही अडत नाही.

दुसरं कारण टाइलच्या जातीत आहे. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पाणी पिते, म्हणून सिमेंट तिला धरतं. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही, तिचं शोषण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असतं. तिच्या पाठीला सिमेंट वरवर बसतं आणि सुकलं की सोडून देतं. मोरबीहून येणाऱ्या दोन बाय दोनच्या गुळगुळीत टाइल्स आता तालुक्याच्या दुकानातही मिळतात. त्या भिंतीला लावायच्या असतील तर ॲडहेसिव्हशिवाय लावू नका, मिस्त्री कितीही जुना असला तरी.

पोतं घेताना त्यावर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि टाइप कोणता ते बघा. साध्या सिरॅमिक टाइलला टाइप १ चालतो. व्हिट्रिफाइडला किंवा जुन्या टाइलवर नवी लावायची असेल तर टाइप २ किंवा त्याच्या वरचा घ्या. दगडी लादी, ग्रॅनाइट यांना टाइप ३. बाथरूमला लागणारं एवढंच. दुकानदार "सगळ्याला हेच चालतं" म्हणाला तर पोतं फिरवून मागची बाजू वाचा, कोणत्या टाइलला चालतं ते तिथं छापलेलं असतं.

माल किती लागेल? ३ मिलिमीटर थराला २० किलोचं एक पोतं साधारण ४५ ते ५० चौरस फूट जातं. चार बाय सहाच्या बाथरूमला सात फूट उंचीपर्यंत टाइल धरली तर चार भिंतींचे १४० चौरस फूट होतात. त्यातून दार वजा करा, जमिनीचे २४ मिळवा, हिशोब १४५ च्या आसपास येतो. म्हणजे तीन पोती आणि थोडं वर. अडचणीच्या जागी टाइलच्या पाठीलाही माल लावावा लागतो, तुकड्यांत थोडा वाया जातो, त्यामुळं चार पोती आणलेली बरी. भिंत वाकडी असेल तर हा हिशोब विसरा.

आधी भिंत बघा

वाकडी भिंत ॲडहेसिव्हनं सरळ करायची नसते. खड्डा अर्ध्या इंचाचा असेल आणि तिथं जाड लगदा भरून टाइल दाबली, तर वरून सुकतं, आत ओलं राहतं, आकसतं आणि टाइल आत ओढली जाते. नळाच्या पाइपासाठी भिंत फोडून नंतर जो माल भरलेला असतो तिथं ही गोष्ट हमखास होते. भरलेला पट्टा आजूबाजूच्या गिलाव्यापेक्षा आत तरी राहतो नाहीतर फुगून बाहेर येतो. ॲल्युमिनियमची पट्टी उभी-आडवी धरून बघा. फुगवटा फोडून काढा, खड्डा सिमेंटच्या मालानं भरा आणि तो वाळू द्या. नवीन गिलावा असेल तर किमान १४ दिवस पाणी मारून पिकू द्यावा. २८ दिवस मिळाले तर उत्तमच.

चुना, डिस्टेंपर किंवा ऑइल पेंट असलेल्या भिंतीवर थेट ॲडहेसिव्ह लावायचं नाही. ते रंगाला चिकटेल, रंग भिंतीला सोडेल. खरवडून काढा आणि टाचे मारा. जुन्या घरात मातीच्या मालातली वीट किंवा दगडाची भिंत असते, तिच्यावर आधी सिमेंटचा गिलावा लागतोच.

पाइप भिंतीत गाडलेले असतील तर टाइल लावायच्या आधी सगळ्या तोंडांना प्लग लावून, टाकीचं पाणी सोडून एक रात्र तसंच ठेवा. सांधा पाझरत असेल तर आत्ता कळेल. टाइल लागल्यावर कळलं तर फोडायला त्याच अडचणीच्या जागेत घुसावं लागतं.

आणि एक गैरसमज. ॲडहेसिव्ह म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. टाइलही नव्हे. सांध्यातून पाणी थोडंफार आत जातच असतं. जमिनीला आणि भिंतीला फूटभर उंचीपर्यंत, अंघोळीच्या बाजूला डोक्यापर्यंत, वॉटरप्रूफिंगचा थर आधी द्यावा, न्हाणी ट्रॅपचं तोंड बंद करून २४ तास पाणी कोंडून बघावं आणि मगच टाइल. खाली कुणाची खोली असेल तर हे टाळू नका.

माल थोडा कालवा

मोठ्या भिंतीला अख्खं पोतं कालवलं तर चालतं. कोपऱ्यात मात्र प्रत्येक तुकडा मोजायचा, कापायचा, बसतो का बघायचा, परत घासायचा. दहा मिनिटं एका तुकड्यालाच जातात. म्हणून ४-५ किलोच पावडर घ्या. बादलीत आधी पाणी, मग पावडर, उलटं नाही. पाण्याचं प्रमाण पोत्यावर लिहिलेलं असतं. बहुतेक मालाला २० किलोला साडेचार ते साडेपाच लिटर लागतं, म्हणजे ५ किलोला साधारण सव्वा लिटर. पाणी पिण्यालायक गोडं असावं. ज्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरे थर बसतात ते वापरू नका.

गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा, पाच मिनिटं तसंच सोडा आणि परत एकदा ढवळा. या पाच मिनिटांत आतली चिकट पावडर पाणी पिते. घाईत हा टप्पा गाळला जातो आणि माल हाताला वाळूसारखा लागतो. नीट झालेला माल थापीवर उचलून थापी उभी धरली तरी घसरत नाही. बादलीत घट्ट व्हायला लागला की वरून पाणी टाकून सैल करायचा नाही, फेकून द्यायचा. जास्त पुरावा म्हणून त्यात सिमेंट किंवा वाळूही मिसळायची नाही. विकत घेतलेल्या गुणाचे पैसे आपल्याच हातानं पातळ करण्यासारखं आहे ते.

ॲडहेसिव्हमध्ये लावायच्या टाइल्स पाण्यात भिजवत ठेवायच्या नसतात. सिमेंटमध्ये लावायला भिजवतात ती पद्धत वेगळी. इथं फक्त पाठ ओल्या फडक्यानं पुसा, कारण कारखान्यातली पांढरी भुकटी पाठीला लागलेली असते आणि माल त्या भुकटीलाच चिकटतो. पुसून वाळू द्या.

अडचणीच्या जागेचं खरं दुखणं

मोकळ्या भिंतीवर पद्धत अशी. थापीच्या सरळ बाजूनं पातळ थर भिंतीत दाबून लावायचा, मग दातेरी बाजूनं एकाच दिशेनं ओढून रेघा पाडायच्या. टाइल ठेवायची, दाबायची आणि रेघांच्या आडव्या दिशेनं थोडी पुढंमागं सरकवायची. रेघा मोडतात, मधली हवा निघून जाते आणि पाठ पूर्ण भरते.

कोपऱ्यात यातलं काहीच जमत नाही. ८ ते ११ इंचांची दातेरी थापी ४ इंचांच्या पट्टीत मावत नाही. तुकडा दोन्ही बाजूंनी अडलेला असल्यामुळं सरकवता येत नाही. जोरानं दाबायला हात पोचत नाही. मग मिस्त्री सोपा मार्ग घेतो. तुकड्याच्या पाठीला चार-पाच गोळे लावतो आणि चिकटवून देतो. वरून दिसायला झकास. आत मात्र गोळ्यांच्या मध्ये पोकळी. त्या पोकळीत सांध्यातून पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. वास, काळी बुरशी, पलीकडची ओल, सगळं तिथूनच सुरू होतं. त्याच टाइलला ड्रिल लावून हूक बसवायला गेलात की ती तडकते, कारण मागं आधारच नाही.

ओल्या जागेत टाइलच्या पाठीचा किमान ९५ टक्के भाग मालानं धरलेला हवा, असा या कामातला सर्वमान्य नियम आहे. आणि उरलेला ५ टक्केही कोपऱ्यात किंवा कडेला नको.

उपाय साधा आहे. भिंतीवर थापी फिरत नसेल तर माल टाइलवर घ्या. तुकडा बाहेर, उजेडात, मांडीवर किंवा फळीवर पालथा ठेवा. सरळ पट्टीनं पातळ थर पाठीत घासून लावा, असा की पाठीचे खळगे भरून जावेत. याला स्किम थर म्हणा की लेप म्हणा. मग त्यावर दुसरा हात देऊन दातेरी पट्टीनं रेघा पाडा. भिंतीच्या त्या जागेवरही पुट्टीच्या पात्यानं पातळ लेप घासा, रेघा न पाडता. आता तुकडा बसवा. लेपाला लेप मिळतो, त्यामुळं सरकवायला जागा नसली तरी धरतं.

रेघा कुठल्या दिशेनं पाडायच्या यालाही अर्थ आहे. लांबट पट्टी असेल तर रेघा रुंदीच्या दिशेनं, म्हणजे आखूड बाजूला समांतर पाडा. दाबल्यावर हवेला बाहेर पडायला दोन-चार इंचच अंतर राहतं. लांबीच्या दिशेनं पाडल्या तर दोन फूट लांब नळीत हवा कोंडते.

लहान दातेरी थापी बाजारात मिळते, पण तालुक्याच्या दुकानात असेलच असं नाही. दोन इंची पुट्टीचं पातं घ्या आणि त्याच्या धारेला कानसीनं ६ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर खोल खाचा पाडा. जाड प्लॅस्टिकचा तुकडा, अगदी ऑइलच्या डब्याचं झाकण कापूनही पट्टी होते. एका बाथरूमपुरती टिकते, तेवढं पुरे. अगदी अरुंद तुकड्याला ४ मिलिमीटरच्या खाचा बऱ्या, नाहीतर माल सांध्यातून वर येतो.

तुकडा बसवल्यावर हातानं दाबता येत नसेल तर लाकडी गुटका टाइलवर धरून त्यावर रबरी हातोड्यानं हलकं ठोका. थेट कडेवर ठोकू नका. आणि त्या जागेतला पहिला तुकडा बसवल्यावर लगेच उचकटून त्याची पाठ बघा. हे मिस्त्रीला आवडणार नाही, वेळ जातो म्हणेल. पण पाठ सगळी भरलेली दिसली तर पुढचं सगळं काम निर्धास्त, आणि कोरडे पट्टे दिसले तर माल वाढवायचा की दाब, ते तिथंच कळतं. घरमालकानं सगळा दिवस उभं राहायची गरज नाही, पण या पहिल्या तुकड्याला जरूर हजर राहावं.

कुठं काय करायचं

कमोड आणि टाकी. शक्य असेल तर कमोड आधी बसवूच नका. मागची भिंत पूर्ण झाली, सुकली की मग बसवा. जुन्या बाथरूमचं काम असेल तर कमोडची टाकी उतरवून ठेवा, चार नट-बोल्टचं काम असतं. टाकी न काढता मागं टाइलचे तुकडे खुपसणं म्हणजे डोळे झाकून काम. देशी पॅन मात्र आधी बसलेला असतो. त्याच्या गोलाईभोवती कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा साचा कापा, साच्यावरून टाइल कापा. पॅनची कड आणि टाइल यांच्यात ३-४ मिलिमीटर फट सोडा आणि तिथं ॲडहेसिव्ह भरू नका. पॅनवर माणसाचं वजन येतं, तो किंचित हलतो. घट्ट भरलं तर पॅनला किंवा टाइलला तडा जातो. ती फट नंतर सिलिकॉननं भरायची.

पाइपाभोवती. भोक पाडायला होल-सॉ असेल तर काम सोपं. नसेल तर पाइपाच्या मधोमध येईल अशी टाइल सरळ कापून दोन भाग करा आणि दोन्हीला अर्धा-अर्धा गोल कापा. कोपऱ्यापासून भोकापर्यंत चीर पाडून ढापण बसवण्यापेक्षा हे नीट दिसतं. भोक पाइपापेक्षा ३ ते ५ मिलिमीटर मोठं ठेवा. त्यावर नळाची फ्लँज येते, झाकलं जातं. भोकाभोवतीच्या दोन-दोन इंचांत पाठीला माल गच्च हवा, कारण नळ आवळताना पान्याचा सगळा ताण तिथं येतो. पाइपाच्या तोंडात माल जाऊ नये म्हणून प्लग लावलेलाच राहू द्या, चिंधी कोंबून भागवू नका.

दाराची चौकट. इथं दोन-तीन इंचांची पट्टी उरते आणि ती नेहमी शेवटी कापली जाते, कशीतरी. आखणी करतानाच ठरवा. पूर्ण टाइल दाराकडून सुरू केली तर पट्टी समोरच्या कोपऱ्यात जाते. टाइलच्या एक तृतीयांशापेक्षा बारीक तुकडा शक्यतो येऊच देऊ नका. येत असेल तर दोन्ही टोकांना सारखे तुकडे घ्या. लाकडी किंवा पीव्हीसी चौकटीला ॲडहेसिव्ह धरत नाही, त्यामुळं टाइल चौकटीला टेकवायची नाही. तीनेक मिलिमीटर फट आणि सिलिकॉन. उंबऱ्याला कडप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी असेल तर तिची पाठ तारेच्या ब्रशनं घासून घ्या, गुळगुळीत दगडाला माल धरत नाही.

सगळ्यात खालची ओळ. अनुभवी मिस्त्री भिंतीची टाइल जमिनीपासून सुरू करत नाहीत. एका टाइलच्या उंचीवर पाणसळ लावून सरळ पट्टी ठोकतात आणि दुसरी ओळ आधी लावतात. मग जमीन होते आणि शेवटी खालची ओळ. भिंतीची टाइल जमिनीच्या टाइलवर उभी राहते, भिंतीवरून उतरलेलं पाणी आत न जाता थेट फरशीवर येतं. पद्धत चांगली, पण ही खालची ओळ म्हणजे पुन्हा अडचणीची जागा. वरच्या टाइलखाली तुकडा तिरका घालावा लागतो. भिंतीवर जाड माल असेल तर घालताना वरच्या कडेचा माल खरवडून खाली येतो आणि वरची कड कोरडी राहते. म्हणून इथंही माल टाइलच्या पाठीला लावा, वरच्या कडेला अर्धा सेंटिमीटर मोकळं सोडा म्हणजे सांध्यातून वर येणार नाही. टाइल आधी खालून टेकवा, मग वरचा भाग आत दाबा. खाली छोट्या पाचरी लावून उचला, वरचा सांधा सारखा झाला की सोडा.

न्हाणी ट्रॅप. जाळीकडे प्रत्येक फुटाला ३ ते ४ मिलिमीटर ढाळ हवा. हा ढाळ खालच्या कोब्यातच काढलेला असावा, ॲडहेसिव्ह कमी-जास्त करून नाही. जाळीभोवती मोठी टाइल टेकते आणि मध्ये पोकळ राहते, म्हणून ती जाळीच्या कोपऱ्यांपासून तिरकी कापून चार तुकड्यांत बसवा. प्रत्येक तुकड्याच्या पाठीला आणि खाली, दोन्हीकडे माल. जाळीच्या कडेला बोट फिरवून माल भरलाय का बघा. ट्रॅपमध्ये पडलेला माल लगेच काढा. तिथं तो दगड होतो आणि पहिल्याच आठवड्यात पाणी तुंबतं.

कोनाडा. साबण-शाम्पू ठेवायला भिंतीत कोनाडा करायची आता पद्धत पडलीय. तळाची टाइल बाहेरच्या बाजूला किंचित उतरती हवी, नाहीतर पाणी साचून साबणाचा लगदा होतो. आत आधी मागची, मग तळाची आणि वरची, शेवटी बाजूच्या टाइल्स बसवा. वरची टाइल माल ओला असताना खाली सुटते. तिला काठीचा टेकू देऊन चार-पाच तास सोडा. खिडकीच्या कडेलाही हाच नियम.

आतला कोपरा, म्हणजे दोन भिंती मिळतात तिथं, टाइलला टाइल घट्ट भिडवायची नाही. दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून नंतर सिलिकॉन. भिंती ऊन-पावसानं थोड्या हलतात, पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबखालच्या बाथरूममध्ये जास्तच.

उन्हाळ्यात जपून

पोत्यावर लिहिलेलं असतं की माल पसरल्यावर १५-२० मिनिटांत टाइल लावा. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो तेव्हा ही १५ मिनिटं मिळत नाहीत. मालावर पापुद्रा धरतो, आत ओलं असतं, वरून चिकटणं संपलेलं असतं. ओळखायचं कसं? रेघेला बोट लावा. बोटाला माल लागला तर ठीक. बोट कोरडं आलं तर तो माल खरवडून टाका, वरून पाणी शिंपडून उपयोग नाही. अडचणीच्या जागेत तुकडा कापायला वेळ लागतो, म्हणून इथं नियम एकच ठेवा: तुकडा कापून, बसवून बघितल्याशिवाय माल लावायचाच नाही. तापलेल्या भिंतीला आधी ओला ब्रश फिरवा, पण पाणी ओघळता कामा नये. काम सकाळी उरकलेलं चांगलं.

अंगाची काळजी

बंद बाथरूममध्ये ग्राइंडरनं टाइल कापणं धोक्याचं आहे. ती बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही. कापाकापी अंगणात करा, पाणी सोडत कापा, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा. ॲडहेसिव्हमध्ये सिमेंट असतं, उघड्या हातानं बोटानं भरत बसलं की संध्याकाळी बोटांची सालं निघतात. रबरी हातमोजे महाग नाहीत. डोळ्यात उडालं तर चोळू नका, १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि डॉक्टरांकडे जा. ओल्या जागेत ग्राइंडरची वायर जोडाची, टेप गुंडाळलेली नको. कामगार रोजावरचा असला तरी ही जबाबदारी घरमालकाची आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सांधे आणि वापर

सांध्यात वर आलेला माल ओला असतानाच काडीनं काढा, सुकल्यावर छिन्नी लागते आणि कड तुटते. सांधे २४ तासांनी भरा. अंघोळीच्या बाजूला आणि जमिनीला एपॉक्सी ग्राउट परवडत असेल तर घ्या, काळं पडत नाही. नसेल तर साधं ग्राउट चालेल, नुसतं व्हाइट सिमेंट मात्र तडकतं. जमिनीवर २४ तास पाय नको. अंघोळीला सात दिवस थांबा. घरात एकच बाथरूम असेल तर आठवड्याची सोय आधी बघून ठेवा, कारण बहुतेक ठिकाणी तिसऱ्याच दिवशी बादली ओतली जाते.

मिस्त्रीचे शेवटचे पैसे देण्याआधी रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइलवर टकटक करा, विशेषतः कडांना, कोपऱ्यांना आणि नळाभोवती. भरीव आवाज एक आणि पोकळ आवाज वेगळा, कुणालाही कळतो. पोकळ वाजली तिथं पेन्सिलनं खूण करा. कोपऱ्यातला छोटा तुकडा आत्ता काढून परत लावायला तासभर लागतो, फक्त बदलायला त्याच लॉटच्या दोन-चार टाइल्स शिल्लक हव्यात. त्या घरात जपून ठेवा, पुढच्या वर्षी तोच रंग मिळत नाही.

उरलेलं अर्धं पोतं तोंड घट्ट बांधून प्लॅस्टिकच्या पिशवीत, जमिनीपासून वर फळीवर ठेवा. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणानं पावडरीच्या गुठळ्या होतात. बोटानं न फुटणारी गुठळी झाली की तो माल टाइलला वापरू नका.